तळाचं नाव जव्हार

सह्याद्रीतल्या लाव्ह्याच्या थरांची एक उतरंड भूवैज्ञानिकांनी लावून ठेवली आहे. वर महाबळेश्वर, त्याखाली आंबेनळी, पोलादपूर, पुढे खंडाळा, भीमाशंकर, ठाकूरवाडी, नेरळ, इगतपुरी, आणि सगळ्या मडक्यांचा भार घेऊन तळाशी बसलेलं नाव जव्हार. आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात ही मांडणी केली. दगड सगळा काळाच; पण प्रत्येक थरात कुठली मूलद्रव्यं किती, यावरून थर वेगळे ओळखता येतात. आज अमेरिकेतला कुणी संशोधक दख्खनवर लिहायला बसला, की त्याला 'जव्हार' हा शब्द लिहावाच लागतो. जव्हारला मात्र याचा पत्ता नाही. तिथल्या वर्गात भूपट्ट शिकवताना जपान येतो, कॅलिफोर्निया येतो, हिमालय येतो. खिडकीबाहेरचा डोंगर येत नाही. हे पुस्तक लिहायला घेतलं ते थोडं या चिडीतूनच.

विषय भूपट्टांचा आहे. परिभाषेत 'भूपट्ट सांरचनिकी' असा एक भारदस्त शब्द आहे. तो मी इथे एकदा लिहिला, पुढे शक्यतो वापरणार नाही. भूपट्ट एवढा शब्द पुरे. आणि प्रस्तावनेसाठी जागा निवडली ती दाभोसा. जव्हार म्हटलं की लोकांना मुकण्यांचं संस्थान आठवतं, जयविलास राजवाडा आठवतो, वारली चित्रं आठवतात, आणि पावसाळा लागला की दाभोशाचा धबधबा. लेंडी नदी इथे सुमारे 300 फूट खाली उडी घेते. जुलै-ऑगस्टात मुंबई-नाशिकहून गाड्या येतात, फोटो निघतात, भजी खाल्ली जातात. तेव्हा दिसतं ते फक्त पाणी. फेब्रुवारीत गेलात तर पाण्याची जेमतेम एक दोरी लोंबत असते आणि मागचा सगळा कडा उघडा पडलेला असतो.

त्या कड्यावर आडव्या रेघा आहेत. कुठे दगड सलग, उभ्या भेगांनी चिरलेला. कुठे भुसभुशीत, भोकाभोकांचा, खोबणीसारखा आत गेलेला. एक प्रवाह वाहत आला, पसरला, थंड झाला, त्यावर दुसरा आला, मग तिसरा. लाव्ह्यातला वायू वर सुटतो, म्हणून थराचा माथा बुडबुड्यांनी पोखरलेला राहतो. पुढे त्या पोकळ्यांत खनिजं साचतात, पांढरी, कधी हिरवट. थराचा मधला भाग मात्र सावकाश निवतो आणि घट्ट होतो. विहीर खणणाऱ्यांकडे यासाठी आपले शब्द आहेत: वर मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. पहार कुठे चालेल आणि सुरुंग कुठे लावावा लागेल हे या तीन शब्दांत येतं. दख्खनच्या लाव्ह्यात दोन थरांच्या मध्ये कधी तांबड्या मातीची पट्टी सापडते. ती सगळ्यात बोलकी. पहिला लाव्हा निवला, त्यावर ऊन-पाऊस पडला, दगडाची माती झाली, आणि नंतर पुढचा प्रवाह त्या मातीला भाजत वरून गेला. म्हणजे मध्ये बराच काळ उसंत होती.

असले कडे धबधबा बनवतात तेही याच थरांमुळे. खालचा मऊ थर पाण्याच्या माऱ्याने आधी झिजतो, वरचा टणक थर पुढे आलेल्या पडवीसारखा लोंबकळत राहतो, एक दिवस तुटून पडतो, आणि धबधबा थोडा मागे सरकतो. 'ट्रॅप' या शब्दाचं मूळ पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दात आहे. दख्खनचे डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, म्हणून हे नाव त्यांना चिकटलं.

हा लाव्हा आला कधी? झिरकॉन नावाच्या अतिसूक्ष्म स्फटिकांत युरेनियम असतं. ठरलेल्या गतीने त्याचं शिसं होत जातं. किती शिसं झालं हे मोजलं की वय निघतं. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत जव्हार थराचं वय सुमारे 6 कोटी 63 लाख वर्षं निघालं, आणि उतरंडीतला बहुतेक सगळा लाव्हा त्यापुढच्या सुमारे साडेसात लाख वर्षांत बाहेर पडला असा हिशेब मांडला गेला. आज उरलेला पसारा सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरचा आहे. याच काळात डायनोसॉर नाहीसे झाले. त्यात दोष मेक्सिकोत आदळलेल्या अशनीचा किती आणि आपल्या लाव्ह्याचा किती, यावर विद्वान अजून भांडताहेत. त्या भांडणात मी पडत नाही. पुस्तकात त्याला दोन पानं दिली आहेत, तेवढी पुरेत.

ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धूर ओकणारा शंकूसारखा डोंगर उभा राहतो. इथे तसला डोंगर शोधू नका. जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि त्या भेगांतून लाव्हा पुरासारखा पसरला. भेगांत अडकून थिजलेल्या शिलारसाच्या उभ्या भिंती ठाणे, पालघर, नाशिकच्या डोंगरांतून आजही दिसतात.

आता खरा प्रश्न. हे सगळं घडलं तेव्हा जव्हार कुठे होतं?

आजच्या जागी नव्हतं, एवढं नक्की. याची साक्ष दगडच देतो. तप्त लाव्ह्यात लोहयुक्त खनिजांचे कण असतात. लाव्हा निवताना ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने चुंबकित होतात आणि तसेच राहतात. विषुववृत्तावर हे क्षेत्र जमिनीला समांतर असतं, ध्रुवाकडे जावं तसं कलत जातं. म्हणून दगडातल्या चुंबकत्वाचा कल मोजला की तो दगड कुठल्या अक्षांशावर थिजला ते कळतं. 1950 च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या, पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटातल्या संशोधकांनी खंडाळ्याच्या घाटातले आणि मध्य प्रदेशातल्या लिंगा भागातले दगड असे मोजले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हे काम झालं. उत्तर आलं ते विषुववृत्ताच्या पलीकडचं: दक्षिणेला 30 अंशांच्या आसपास. आज जव्हार उत्तरेला 20 अंशांच्या जवळ आहे. मधलं अंतर 5 हजार किलोमीटरच्या घरातलं. खंडाळ्याच्या बोगद्यातून गाडीच्या गर्दीत उभ्याने गेलेल्या कितीजणांना ठाऊक असेल, की खिडकीबाहेरच्या त्या दगडाने आपल्याहून कितीतरी लांबचा प्रवास केला आहे?

त्या काळी हे मोजमाप धाडसाचं होतं. आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने 1912 मध्ये खंडं सरकतात असं सांगितलं, तेव्हा त्याची टिंगल झाली. त्याच्याकडे पुरावे होते: अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांची जुळणारी कड, दक्षिणेकडच्या सगळ्या खंडांत सापडणारे त्याच वनस्पतींचे जीवाश्म. त्या दक्षिणी भूखंडाचं नाव गोंडवन, आपल्या गोंडांच्या मुलखावरून पडलेलं. आणि त्या काळातली ग्लॉसोप्टेरिसची पानं नागपूर-चंद्रपूरकडच्या खडकांत सापडतात. वेगेनरकडे नव्हतं ते एकच: खंडं सरकवतं कोण, याचं उत्तर. 1930 साली ग्रीनलंडच्या बर्फात त्याचा अंत झाला. उत्तर आलं ते समुद्राच्या तळातून, त्यानंतर तीस वर्षांनी.

ते ज्या आधारावर सिद्ध झालं त्यात आपला अरबी समुद्रही आहे, आणि हे आपल्या पुस्तकांत सहसा सांगितलं जात नाही. अरबी समुद्रातून हिंदी महासागराकडे जाणारी पाण्याखालची एक डोंगररांग आहे, कार्ल्सबर्ग नावाची. डेन्मार्कच्या बियर कंपनीच्या प्रतिष्ठानाने तिथली शोधमोहीम पोसली म्हणून हे नाव. बियरने विज्ञानाचं भलं केल्याचं हे एक उदाहरण नोंदवून पुढे जातो. फ्रेड वाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज या दोघांनी या रांगेवरची चुंबकीय मोजमापं घेऊन 1963 मध्ये एक छोटा लेख लिहिला. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटतं, उत्तरेचं दक्षिण होतं. समुद्रतळ जर रांगेच्या मधोमध फाटत असेल आणि तिथे नवा खडक तयार होऊन दोन्ही बाजूंना सरकत असेल, तर त्यात सुलट-उलट-सुलट असे पट्टे उमटायला हवेत. तसेच ते उमटलेले होते. समुद्राचा तळ नवा बनतो, खंड त्याच्याबरोबर सरकतं. वेगेनरची अडचण सुटली.

बाकीचं पाठ्यपुस्तक थोडक्यात सांगता येतं. पृथ्वीचं बाहेरचं कठीण आवरण सुमारे शंभर किलोमीटर जाडीचं, आणि ते सात मोठ्या व अनेक लहान तुकड्यांत फुटलेलं आहे. हे तुकडे म्हणजे भूपट्ट. ते एकमेकांपासून दूर जातात तिथे नवा समुद्रतळ जन्मतो. एकमेकांवर येतात तिथे एक दुसऱ्याखाली जातो किंवा हिमालयासारखी घडी पडते. घासत जातात तिथे भूकंपाच्या रेषा होतात. फक्त एका उपमेशी माझं भांडण आहे. वर्गात हमखास सांगतात की भूपट्ट म्हणजे दुधावरची साय. मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं की खाली सगळं पातळ, उकळतं आहे. तसं नाही. कठीण आवरणाच्या खालचं प्रावरणही घनच आहे. फक्त ते फार तापलेलं आहे आणि लाखो वर्षांत अगदी हळू वाहतं. डांबराचा गोळा हातोड्याने मारला तर फुटतो, उन्हात तसाच ठेवला तर पसरतो. तशी काहीशी गत. आणि भूपट्टांना मुख्य ओढ लागते ती त्यांच्याच थंड, जड होऊन खाली बुडणाऱ्या कडांची.

आता परत लाव्ह्याकडे. प्रावरणातून काही ठिकाणी तप्त पदार्थाचा स्तंभ वर येतो. असंच एक तप्तस्थळ आज रेयुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखी अजून जागा आहे. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी त्यावरून भारत जात होता, वर्षाला 15 सेंटिमीटरहून अधिक वेगाने. भूपट्टांच्या जगात ही धावच. चूल जागीच, तवा सरकतोय अशी कल्पना करा. तवा पुढे गेला तशा चुलीच्या खुणा मागे उरत गेल्या: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस, शेवटी रेयुनियन. मॉरिशसमध्ये गेल्या शतकाच्या आधी कोकणातून गेलेली मराठी घरं आहेत. त्यांच्या अंगणातला काळा दगड आणि जव्हारचा काळा दगड एकाच चुलीवरचे आहेत, फक्त जव्हारचा कितीतरी आधीचा. बारकाव्याने वाचणाऱ्यासाठी एक खोच सांगून ठेवतो. रेयुनियन आज 21 अंश दक्षिणेला आहे आणि दगड सांगतो 30 च्या आसपास. चूलही पुरती जागची हलत नाही असं नाही, हे त्यावरचं एक उत्तर. वाद संपलेला नाही.

याच काळात, किंवा लगेच पुढे, आणखी एक गोष्ट घडली. भारताच्या पश्चिमेला जोडलेला एक तुकडा फाटून वेगळा झाला. तो आज सेशेल्स बेटांच्या रूपाने अरबी समुद्राच्या पार पलीकडे आहे. कोकणचा किनारा ही त्या फाटण्याची आपल्याकडची कड. माझ्या पुस्तकाचं सगळं म्हणणं या एका वाक्यावर उभं आहे. आपण भूपट्टाच्या मधोमध सुरक्षित बसलो आहोत हे शाळेत शिकवलेलं खरं आहे. पण जिथे बसलो आहोत ती जागा एके काळी फाटलेली कड होती, आणि त्या फाटण्याने घातलेल्या सवयी जमीन अजून विसरलेली नाही.

त्या सवयी बघायला दूर जावं लागत नाही. दाभोशाच्या कड्यावरच्या रेघा आडव्या आहेत. मुंबई-पनवेलच्या बाजूला हेच लाव्ह्याचे थर समुद्राकडे झुकलेले दिसतात. किनाऱ्याची बाजू खचली, वाकली. त्या वाकलेल्या पट्ट्यात खोल भेगा आहेत. पावसाचं पाणी त्यांतून खोलवर उतरतं, तापतं आणि परत वर येतं. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची कुंडं ती हीच. तिथे जिवंत ज्वालामुखी आहे असं सांगणारे भेटतात. त्यांना नमस्कार करावा आणि आंघोळ उरकावी.

आणि त्र्यंबक. मोखाड्याहून नाशिककडे निघालं की घाट चढून त्र्यंबकला पोचतो. तिथून निघालेली वैतरणा पश्चिमेला उतरते आणि अरबी समुद्राला मिळते. तिथूनच निघालेली गोदावरी अरबी समुद्राकडे पाठ फिरवते आणि 1465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. समुद्र इतका जवळ असताना ही उलटी वाट का? कारण किनारा फाटला तेव्हा पठाराची पश्चिम कड उचलली गेली आणि सगळं पठार पूर्वेकडे कललं. सह्याद्री हा हिमालयासारखा घडी पडून उभा राहिलेला पर्वत नाही. तो पठाराचा झिजत मागे सरकलेला काठ आहे. जव्हार-मोखाडा त्या काठाच्या खालच्या पायरीवर बसले आहेत.

ही पायरी माणसांना महाग पडते. जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत असतात. दुसरीकडे मोखाडा तालुक्यातलं मध्य वैतरणा धरण मुंबईची तहान भागवतं. यात राजकारण आहे, नियोजनाची नादारी आहे, ती झाकण्यासाठी मी दगड पुढे करत नाही. पण दगडाचाही वाटा आहे. काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. भेगांत आणि मांजऱ्यात राहील तेवढंच. उतार तीव्र, माती वीतभर, म्हणून पाऊस पडतो तसा वाहून जातो. त्या वीतभर मातीत इथला माणूस राब जाळून नागली-वरई पिकवत आला. पाणी कुठल्या थराशी अडतं आणि कुठे झऱ्याने फुटतं, हे थर वाचल्याशिवाय विहिरीची जागा ठरवणं म्हणजे नारळ हातावर धरून पाणाड्याच्या मागे फिरणं.

राहिला भूकंप. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर हादरलं, 6.3 तीव्रतेने, सुमारे 180 माणसं गेली. त्याआधी दख्खनचं पठार म्हणजे अचल असं मानलं जाई. धरणात साठलेल्या पाण्याचा आणि त्या भूकंपांचा संबंध आज जगभर अभ्यासला जातो. तिथे गोठणे गावी 3 किलोमीटर खोल भोक पाडून पाहिलं, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटरवर लाव्हा संपला आणि खाली कोट्यवधी वर्षं जुना ग्रॅनाइट लागला. 30 सप्टेंबर 1993 ला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटपून गाव झोपलं असताना, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी कोसळलं. तीव्रता 6.2, आणि मृत्यू हजारोंत. भारताचा भूपट्ट आजही वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर, म्हणजे नख वाढतं त्याच्या थोड्या अधिक वेगाने, उत्तर-ईशान्येला रेटतो आहे. हिमालयाशी तो अडतो आणि त्या अडण्याचा ताण पठाराच्या पोटात साठतो. जुनी भेग सापडली की तिथे सुटतो. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत धक्क्यांची माळच लागली. 1 फेब्रुवारी 2019 ला 4 च्या पुढचा धक्का बसला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने यंत्रं बसवली. थंडीत लोक घराबाहेर झोपले. भेगांत शिरलेल्या पाण्याचा यात हात असावा, असा संशोधकांचा एक अंदाज आहे.

किल्लारीत माणसं मेली ती बहुतेक घरांखाली: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीचं जड माळवद. दगड आपलाच, दख्खनचा. जव्हार-मोखाड्यातलं जुनं घर मात्र कारवीच्या कुडाचं, शेणामातीने लिंपलेलं, लाकडी खांबांवर उभं. ते हलतं, वाकतं, पडलंच तर हलकं पडतं. त्याची गरिबीचं घर म्हणून हेटाळणी झाली. आता त्या जागी विटा आणि सिमेंट ठोकळ्यांच्या खोल्या येताहेत. त्या यायला माझी हरकत नाही, पावसात कुडाच्या घरात राहणं काय असतं हे मला माहीत आहे. पण कोपऱ्यांत सळई नाही, भिंतींना बांधून धरणारा पट्टा नाही, अशी खोली धक्क्यात कुडाइतकी समजूतदार वागणार नाही. घरकुल बांधणाऱ्या प्रत्येकाने गवंड्याला या दोन गोष्टी विचाराव्यात, एवढ्यासाठी पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लिहिलं आहे. ज्यांना बाकी काही वाचायला वेळ नाही, त्यांनी तेवढं तरी वाचावं.

शिक्षकांना एक विनंती. पहिलं प्रकरण वर्गात सुरू करू नका. जानेवारी-फेब्रुवारीत मुलांना घेऊन दाभोशाला जा, कड्याच्या समोरच्या बाजूला सुरक्षित जागी बसवा, आणि रेघा मोजायला लावा. प्रत्येकाचा आकडा वेगळा येईल, येऊ द्या. पावसाळ्यात मात्र नेऊ नका. तेव्हा दगड निसरडा असतो, आणि कडा दिसत नाही.